चिपाडापासून इथेनॉल: रसवंती ते पेट्रोल, आमच्या प्रोजेक्टच्या नोंदी

आम्ही दोघी, शेवटचं वर्ष, प्रोजेक्ट म्हणून हे घेतलं. कुणाला हेच करायचं असेल तर आमचे दोन महिने ज्याच्यात गेले त्यात तुमचे जाऊ नयेत म्हणून लिहून ठेवतेय. थिअरी कुठल्याही पुस्तकात मिळेल, इथे फक्त काय केलं, काय फसलं आणि किती पैसे गेले एवढंच. आणि एक आधीच सांगते, डिस्टिलेशन घरी करू नका. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे आणि तुमची दारू पेट्रोलमध्ये जाणार होती हे उत्पादन शुल्कवाल्यांना पटवत बसाल. आमचं सगळं डिस्टिलेशन कॉलेजच्या लॅबमध्ये, मॅडमच्या सहीने आणि त्या समोर असताना झालंय.

८ फेब्रुवारी २०२५, शनिवार

आधी डोक्यात भाताचं काड होतं. पानिपतला इंडियन ऑइलच्या ज्या इथेनॉल प्लांटचं ऑगस्ट २०२२ मध्ये उद्घाटन झालं तो काडावरच आहे, आणि त्याचं तंत्रज्ञान आपल्या पुण्यातल्या प्राज कंपनीचं. पण काड आणायचं म्हणजे मावळात नाहीतर मुळशीत जा, टेम्पो करा. चिपाडं कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत. सिंहगड रोडवरच्या एका रसवंतीवाल्या काकांना विचारलं तर म्हणाले, न्या की, नाहीतरी मला टाकायला पैसे मोजावे लागतात. तेव्हा पुण्यात जीबीएसच्या (गिलियन-बॅरे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) भीतीने लोक बाहेरचं काही पीत नव्हते त्यामुळे धंदा थंड, दोन पोती भरायला पाच दिवस लागले.

वजन १४ किलो, ओलं. रिक्षावाले पोतं बघूनच पुढे जायचे, शेवटी ॲक्टिव्हावर पायात एक आणि मागे पार्टनरच्या मांडीवर एक असं आणलं. घरी येऊन ओतलं तेव्हा कळलं की त्यात आल्याचे तुकडे आणि पिळलेली लिंबं पण आहेत. ती हाताने वेचून काढली, दीड तास. लिंबाच्या सालीतलं तेल यीस्टला (साखर आंबवून इथेनॉल करतं ते) चालत नाही, म्हणून आळस केला नाही. तुम्ही सरळ काकांना सांगा, आलं-लिंबू घालायच्या आधीचं द्या.

१२ फेब्रुवारी, बुधवार

गच्चीवर चार दिवस वाळवलं. १४ चे ६ किलो झाले. मुंग्या प्रचंड. आईने लक्ष्मणरेषा मारायला सांगितली, मी म्हटलं सॅम्पलला लागेल, नको. (ह्या मुंग्या लक्षात ठेवा, पुढे येणारेत.)

बारीक करायचं म्हणून घरच्या मिक्सरला लावलं. लांब धागे पात्याला गुंडाळले, धूर आला, वास आला, मिक्सर गेला. दुरुस्ती ६५० रुपये, शिवाय घरातलं बोलणं वेगळं. पिठाची गिरणीवाला नाहीच म्हणाला, पुढच्याच्या गव्हात साखर उतरेल म्हणे, बरोबरच आहे त्याचं. शेवटी धायरीला एका गोठ्यावर कडबा कुट्टी मशीन होती तिथे दहा मिनिटांत सगळं काम झालं, त्याने पैसे पण घेतले नाहीत. कुट्टीतून आलेले तुकडे सेंटिमीटरभर असतात, ते मग लॅबच्या ग्राइंडरमध्ये थोडे थोडे घातले की दळले जातात. आधी कुट्टी, मग दळण. उलटं नाही, आणि लांब चिपाड थेट मिक्सरला तर मुळीच नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. बॅच १

आधी ॲसिडने तंतू तोडून साखर सोडवायची, मग यीस्टने आंबवायची, असा बेत. ५०० ग्रॅम भुसा, ५ लिटर पाणी, २ टक्के सल्फ्युरिक ॲसिड. म्हणजे तीव्र ॲसिड साधारण ५५ मिली, पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी नाही, हे लॅबचे मामा प्रत्येक बॅचला नव्याने सांगतात. चार फ्लास्कमध्ये वाटून ऑटोक्लेव्हला (लॅबचा मोठा प्रेशर कुकर) १२१ डिग्रीला एक तास.

बाहेर आलं ते काळ्या चहासारखं. वास करपलेल्या साखरेचा आणि त्यात बदामासारखं काहीतरी. तो वास फरफ्युरलचा, साखर जास्त शिजली की होतं, आणि यीस्टला ते विष. तेव्हा आम्हाला वास छान वाटला होता.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

ॲसिड मारायला रंगाच्या दुकानातला चुना आणला, ४० रुपये किलो. आधी पीएच १० पर्यंत नेलं, थोडा वेळ ठेवून गाळलं आणि मग परत ॲसिडने ५ वर आणलं, याने यीस्टला नको असलेल्या गोष्टी बऱ्याच बसतात. पण खाली जिप्समचा एवढा गाळ झाला की गाळायला अख्खा दिवस. फिल्टर पेपरचं अख्खं पाकीट संपलं तेव्हा पार्टनरने आईची जुनी सुती साडी फाडून आणली, त्यातून चार पदरी गाळलं तर पटकन झालं. आधीच आणायला हवी होती.

साखर मोजायची डीएनएस टेस्ट केली (साखरेत घालून उकळलं की नारिंगी-लाल होतं आणि ५४० नॅनोमीटरला मोजतात ती). लिटरला ३० ग्रॅम साखर! आम्ही दोघी नाचलो. बेकरीचं कोरडं यीस्ट कोमट पाण्यात उठवून घातलं, चार तासांत बुडबुडे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

बुडबुडे दुसऱ्या दिवशीच थांबले होते. साखर मोजली, २१. म्हणजे ९ ग्रॅम खाल्ली आणि बाकीची तशीच. यीस्ट मेलं का म्हणून नवीन घातलं, काही नाही. मॅडमनी विचारलं, तुमची साखर कोणती आहे? आम्ही एकमेकींकडे बघितलं.

झालं असं की सौम्य ॲसिडने मुख्यतः हेमिसेल्युलोज तुटतं (तंतूंचा सहज तुटणारा भाग; ज्यातून ग्लुकोज मिळतं ते सेल्युलोज बरंचसं तसंच राहतं), त्यातून निघते ती झायलोज, आणि बेकरीच्या यीस्टला झायलोज पचत नाही. डीएनएसला कोणती साखर हे कळत नाही, ते नुसतं बेरीज सांगतं. झायलोज खाणारं यीस्ट असतं, पिचिया स्टिपिटिस, आणि गंमत म्हणजे अशा कल्चरचा राष्ट्रीय संग्रह आपल्याच पुण्यात पाषाणला एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आहे, एनसीआयएम म्हणून. तिथून रीतसर विकत मिळतं. पण कॉलेजचं पत्र, पैसे भरणं वगैरेला वेळ जाणार होता आणि तो आमच्याकडे नव्हता. तुम्ही हे पहिल्या आठवड्यात करा.

तरी जे होतं ते डिस्टिल केलं. दोनदा. २० मिलीच्या आसपास निघालं. कॉरिडॉरमधून सिक्युरिटीवाले काका वास घेत आले, "काय ताई, पहिल्या धारेची का?"

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आता मुंग्या.

पार्टनर म्हणाली की निदान ९ ग्रॅम तरी ग्लुकोज मिळालं ना सेल्युलोजमधून. मी होच म्हणणार होते, पण मामा मागे फ्लास्क धूत होते, ते म्हणाले तुमच्या पोत्याला मुंग्या का लागतात मग? लाकडाच्या भुशाला लागतात का कधी?

१०० ग्रॅम भुसा नुसत्या गरम पाण्यात भिजवला, गाळला, डीएनएस केलं. रंगच नाही जवळजवळ. बघा मामा, साखर नाही. मामा गप्प. मग मॅडम म्हणाल्या तेच पाणी दोन थेंब ॲसिड घालून उकळा आणि परत करा. केलं. लालभडक.

उसाची साखर म्हणजे सुक्रोज, ती डीएनएसला दिसतच नाही, ॲसिडमध्ये तुटली की मग दिसते. म्हणजे आमचं पहिलं २० मिली बहुतेक चिपाडात राहिलेल्या उसाच्या रसाचं होतं. प्लँट वेस्टपासून इथेनॉल म्हणे, आम्ही उसाच्या रसाचीच काढली होती, तीही महाग. रसवंतीचा चरक कारखान्यासारखा पिळत नाही, बराच रस आत राहतो.

त्यामुळे नियम: भुसा तीनदा गरम पाण्याने धुवा, प्रत्येक धुवण ॲसिडने उकळून मगच डीएनएसला लावा, रंग यायचा बंद झाला की पुढे. आणि प्रत्येक बॅचबरोबर एक साधी बॅच ठेवा, नुसता भुसा, पाणी आणि यीस्ट. आम्ही ठेवली असती तर तीन आठवडे वाचले असते.

१ मार्च, शनिवार. बॅच २

ॲसिड सोडलं. आता कॉस्टिक सोडा, २ टक्के, म्हणजे लिग्निन (तंतूंना एकत्र बांधून ठेवणारा भाग) विरघळून जाईल आणि सेल्युलोज मोकळं होईल, मग एन्झाइमने तोडायचं.

ऑटोक्लेव्ह मायक्रोबायोलॉजीच्या प्रॅक्टिकलला अडकला होता, म्हणून होस्टेलवरून जुना कुकर आणला. ॲल्युमिनियमचा. कॉस्टिकचं पाणी ओतल्या ओतल्या फसफसायला लागलं. मला वाटलं चिपाडातून हवा निघतेय, पार्टनरने हात धरून मागे ओढलं. कॉस्टिक आणि ॲल्युमिनियमचा हायड्रोजन होतो, बारावीला पाठ केलेलं, आणि आम्ही झाकण लावून गॅसवर ठेवणार होतो. खिडक्या उघडल्या, लॅबमधले बर्नर बंद केले, भरपूर पाणी ओतून पातळ केलं. कुकर आतून काळा, खड्डे पडलेले. होस्टेलला नवीन घेऊन द्यावा लागला, १३०० रुपये. स्टील वापरा किंवा थांबा.

६ मार्च, गुरुवार

ऑटोक्लेव्ह मिळाला, १२१ डिग्री, एक तास. निघालं ते डांबरासारखं काळं पाणी आणि खाली मऊ पिवळट लगदा. आता हा लगदा धुवायचा, पीएच ७ येईपर्यंत. आणि आज गुरुवार, महापालिकेचं पाणी बंद. पुण्यात राहून कुणी गुरुवारी धुण्याचं काम काढतं का, तर आम्ही काढतो. दोन ड्रम भरलेले होते ते दुपारपर्यंत संपले, पीएच अजून ९.५. उरलेलं शुक्रवारी. ५०० ग्रॅमला एकूण ६० लिटरच्या वर पाणी गेलं. पुढच्या वेळी शेवटच्या दोन धुवणात थोडं ॲसिड टाकलं तर पाणी निम्म्यावर आलं.

काळं पाणी तसंच सिंकमध्ये ओतू नका. आम्ही बॅच १ च्या उरलेल्या ॲसिडने मारलं, लिग्निन खाली बसलं, गाळून घेतलं, वरचं पाणी पीएच बघून सोडलं.

लगदा वाळवून (थोडा भाग वाळवून हिशेब केला) ५०० चे ३०० ग्रॅम उरले.

८ मार्च, शनिवार

एन्झाइमची गोष्ट. सेल्युलोज तोडणारं एन्झाइम म्हणजे सेल्युलेज. लॅब ग्रेड सेल्युलेजचा भाव ऐकून आम्ही स्वस्तातला शहाणपणा केला होता, फेब्रुवारीतच कृषी सेवा केंद्रातून ट्रायकोडर्मा आणला, किलोभर २०० रुपये. ही एक बुरशी, शेतकरी मुळांच्या रोगाला वापरतात ती पावडर. सेल्युलेज ट्रायकोडर्मापासूनच काढतात, मग आपण वाढवू, असा हिशेब. ट्रेमध्ये गव्हाचा कोंडा आणि चिपाड ओलं करून त्यावर टाकली. पाचव्या दिवशी सुंदर हिरवं. दोन आठवड्यांनी त्याचा अर्क काढून फिल्टर पेपरचा तुकडा त्यात ५० डिग्रीला ठेवला, तर दुसऱ्या दिवशी पेपर जशाच्या तसा, त्यावर नाव लिहिलेलं पण वाचता येत होतं. उद्योगात जी जात वापरतात ती वेगळी, वर्षानुवर्षं सुधारलेली, आणि कृषी केंद्राची पावडर रोगाच्या बुरशा मारायला निवडलेली. २०० रुपये आणि दोन आठवडे.

मार्ग निघाला इचलकरंजीतून. पार्टनरचे मामा तिथे कापडाच्या प्रोसेसिंगमध्ये आहेत. कापडाचे तंतू साफ करायला, बायोपॉलिशिंगला, ॲसिड सेल्युलेज वापरतात, ५० डिग्री आणि पीएच ५ च्या आसपास चालतं, म्हणजे आपल्याला हवं तेच. एक लिटर एसटीने पार्सल आलं, ४०० रुपये. तोच फिल्टर पेपर त्यात रात्रभरात चिखल झाला. पेपरचा चिखल बघून एवढा आनंद होऊ शकतो हे माहीत नव्हतं.

१० ते १७ मार्च

५० डिग्रीला तीन दिवस सलग ठेवायचं, लॅब सहाला बंद होते. म्हणून मासळीवाल्याकडचा थर्माकोलचा बॉक्स, त्यात ६० वॅटचा बल्ब आणि एसटीसी-१००० थर्मोस्टॅट (अंडी उबवणारे वापरतात तो), पासोड्या विठोबाजवळून ४५० ला. बल्बला पत्र्याचा आडोसा करा, नाहीतर थर्माकोल वितळतो, आमचा एका बाजूने वितळला.

१३ तारखेला साखर छान होती, ३२ डिग्रीपर्यंत गार केलं, यीस्ट घातलं आणि होळीला घरी गेलो. धुळवड, मग शनिवार-रविवार. सोमवारी झाकण उघडलं तर आंबलेल्या इडलीच्या पिठाचा वास. पीएच ३.६. दह्यातले जंतू आमच्या आधी जेवून गेले. यीस्ट कमी घातलं होतं आणि तीन दिवस कुणी बघितलं नाही. बॅच २ सिंकमध्ये.

२७ मार्च, गुरुवार. बॅच ३

सगळं परत, पण शिकून. भांडी उकळून घेतली, यीस्ट दुप्पट, आणि आधी तासभर कोमट साखरपाण्यात उठवून जोरात झालेलं असताना घातलं. ३०० ग्रॅम लगदा ३ लिटरमध्ये, ७२ तासांनी लिटरला ३२ ग्रॅम साखर, ह्यावेळी खरं ग्लुकोज, साधी बॅच शेजारी ठेवली होती तिच्यात काही नाही.

आंबवण ४० तासांत संपलं.

डिस्टिलेशन: हीटिंग मँटल, उभा कॉलम, थर्मामीटर. पहिल्या खेपेला फेस थेट कंडेन्सरमध्ये गेला, सगळं गढूळ, परत सुरुवात. चमचाभर गोडेतेल घातलं की फेस बसतो. कंडेन्सरला नळाचं पाणी लावलं नाही (गुरुवार!), बादलीत बर्फ आणि मत्स्यालयाचा छोटा पंप, तेच पाणी फिरत राहतं, हे आता कायमचं करणार. वरचं तापमान ७८-७९ ला टिकून राहतं तोपर्यंत घ्यायचं, ८५ कडे सरकायला लागलं की बाटली बदलायची.

दुसऱ्या डिस्टिलेशननंतर ४७ मिली. अल्कोहोलमीटर टाकला तर तो तळाला टेकून उभा, तरंगायला पुरेसं नाहीच. मग २५ मिलीची घनतेची बाटली, वजन केलं, तक्ता बघितला, ९१ टक्के.

९ एप्रिल, बुधवार. बॅच ४

एक किलो भुसा, लगदा ६०० ग्रॅम. सगळा एकदम घातला तर उपम्यासारखं घट्ट होतं आणि एन्झाइम फिरतच नाही, म्हणून दर सहा तासांनी थोडा थोडा घातला, आधीचा पातळ झाला की पुढचा. रात्री दोनला अलार्म लावून कोण जाणार यावरून भांडण झालं, मी गेले. साखर ४८ पर्यंत गेली. निघालं १०३ मिली, ९२ टक्के.

कागदावर एक किलो कोरड्या चिपाडातून, नुसतं सेल्युलोज धरलं तरी, ३०० मिलीच्या आसपास निघायला पाहिजे. आम्हाला तिसरा हिस्सा. अर्धी साखर सुटलीच नाही, थोडी यीस्टने स्वतःला वाढवण्यात घालवली, आणि थोडं आमच्या काचेच्या जोडांमधून उडालं.

एकूण जमा १५० मिली.

११ एप्रिल, शुक्रवार

पेट्रोलमध्ये घालायचं म्हणजे पाणी जवळजवळ शून्य पाहिजे, ९९.५ च्या वर. कितीही डिस्टिल करा, वजनाने ९५.६ टक्क्यांपुढे ते जातच नाही, पाणी आणि इथेनॉल तिथे हातात हात घालून एकत्रच उकळतात. मग शोषून घ्यावं लागतं.

माझी चूक, एकटीची. ४७ मिलीवाल्या बाटलीत कॅल्शियम क्लोराइड टाकलं, डेसिकेटरमध्ये असतंच ना ते. ते इथेनॉललाच धरून बसतं. सकाळी बाटलीत ओला चिकट गोळा, वर चमचाभर द्रव. दोन महिन्यांतलं एक तृतीयांश गेलं. पार्टनर दोन तास बोलली नाही.

त्यानंतर ३ए मॉलिक्युलर सीव्ह, म्हणजे बारीक गोल दाणे, अर्धा किलो ७०० रुपये. दुकानदार ४ए देत होता, "एकच असतं" म्हणाला. एक नसतं, ४ए मध्ये थोडं इथेनॉल पण शिरतं. दाणे आधी मफल फर्नेसला (लॅबची भट्टी) ३०० डिग्रीला तीन तास तापवायचे, बंद बाटलीत गार करायचे. द्रवात टाकल्यावर तडतडतात आणि बाटली हाताला चांगली गरम लागते, दचकू नका, पण झाकण लगेच घट्ट लावू नका. रात्रभर ठेवून ओतून घेतलं. दाण्यांना चिकटून बरंच राहतं, १०३ चे ७५ मिली हातात आले.

तपासायला मोरचूद. निळा खडा कुटून तव्यावर (जुन्या, परत स्वयंपाकाला न वापरायच्या) पांढरा होईपर्यंत तापवायचा. त्यावर जुन्या ९२ टक्केवाल्याचा थेंब टाकला, लगेच निळा. नव्याचा थेंब टाकला, पांढराच. आम्ही पाच मिनिटं वाट बघितली, पांढराच.

१५ एप्रिल, मंगळवार

पंपावर बाटलीत पेट्रोल देत नाहीत, मग माझ्याच गाडीच्या टाकीतून नळीने काढलं. पंपाने, तोंडाने ओढून नाही.

आता ८० मिली पेट्रोल आणि २० मिली आपलं, झालं ई-२० (२० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल), असं म्हणून मोजपात्र हातात घेतलं आणि मॅडम म्हणाल्या, अगं पण ह्या पेट्रोलमध्ये आधीच काय आहे?

८० मिली पेट्रोल, २० मिली पाणी, मोजपात्राला बूच लावून हलवलं, ठेवलं. पेट्रोल वर, पाणी खाली, आणि खालची रेघ २० वर नव्हती, ३५ वर होती. वाढलेलं सगळं इथेनॉल, पेट्रोल सोडून पाण्यात उतरलेलं. जानेवारी २००३ ला नऊ राज्यांत ५ टक्क्यांनी सुरुवात झाली होती, आता पंपावरचं साधं पेट्रोलच ई-२० आहे. दोन महिने घासून जे बनवलं ते माझ्या गाडीत आधीपासून पाचवा हिस्सा होतं. आम्ही त्यात अजून २० घालून ई-३६ करणार होतो.

म्हणून पेट्रोल तीनदा पाण्याने धुतलं, सेपरेटिंग फनेलमध्ये, फ्यूम हूडखाली, आजूबाजूला एकही गरम वस्तू नाही. मग कोरड्या सीव्हच्या दाण्यांवर ठेवलं. आता हे कोरं पेट्रोल.

दोन टेस्ट ट्यूब. एकीत कोरं पेट्रोल आणि १० टक्के जुनं ९१ वालं (चमचाभर वाचलं होतं ते): हलवलं की दुधाळ, दहा मिनिटांत तळाला वेगळा थर. दुसरीत तेवढंच सुकवलेलं: काचेसारखं स्वच्छ. फ्रीजमध्ये नाही, बर्फाच्या बादलीत ठेवलं रात्रभर, तरी स्वच्छ.

१९ एप्रिल, शनिवार

सासवडला पार्टनरच्या घरी पेट्रोलवर चालणारा फवारणीचा पंप आहे, छोटं फोर-स्ट्रोक इंजिन. माझ्या गाडीत घालायची हिंमत नव्हती. २४० मिली कोरं पेट्रोल, ६० मिली आमचं. तिच्या वडिलांनी दोरी ओढली, दुसऱ्या ओढीला सुरू. २६ मिनिटं चालला. मग पेट्रोल पंपावरचं नेहमीचं पेट्रोल ३०० मिली, २७ मिनिटं. एकदाच मोजलंय, त्यामुळे यातून फार काही काढू नका. तिचे वडील म्हणाले आवाज सारखाच आहे की, मग फरक काय? पार्टनर म्हणाली, काही फरक नाही बाबा, तेच तर.

२२ एप्रिल, मंगळवार

हिशेब, वहीतून: सीव्ह ७००, थर्मोस्टॅट ४५०, एन्झाइम ४००, कॉस्टिक-ॲसिड-चुना-बफर मिळून ९०० च्या आत, यीस्ट १८०, ट्रायकोडर्मा २००, बर्फ आणि पंप ४२०. चुकांचे: मिक्सर ६५०, कुकर १३००. एकूण ५२०० आणि हातात ७५ मिली. पेट्रोल तेव्हा, एप्रिल २०२५ मध्ये, १०४ रुपये लिटर होतं.

सीव्हचे दाणे परत तापवून वापरता येतात, मॅडमच्या कपाटात ठेवलेत. एन्झाइम निम्मं उरलंय, फ्रीजमध्ये आहे, पुढच्या बॅचच्या मुलींना सांगितलंय. पाषाणच्या कल्चरचा अर्ज आम्ही भरून ठेवलाय, सही बाकी आहे.

न धुतलेला भुसा तीन किलोच्या वर उरला होता, तो धायरीच्या गोठ्यावर परत नेऊन दिला. गव्हाणीत टाकला, काकांशी बोलून वळेपर्यंत म्हशींनी संपवला.